पखालीतला अर्क

शाहू महाराजांच्या अमलात कळंब्याच्या तळ्याचं पाणी नळानं गल्लोगल्ली पोचलं आणि सगळं कोल्हापूर खूश झालं. एक गैबी पखाली सोडून. आणि त्याचा रेडा. पण रेड्याला कुणी विचारलं नाही.

तोवर गैबीचा थाट काय वर्णावा. रेड्याच्या पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणारी कातड्याची टम्म पखाल, आणि पुढं गैबी "सरका, पानी आलं" असं ओरडत. आवाज असा, की वाटावं मागनं पाणी नव्हे, पालखीच येतेय. मोहल्ल्यात प्यायला, तालमीत हौद्याची माती भिजवायला, बांधकामावर चुना कालवायला, सगळीकडं त्याचंच पाणी. आता गल्लीच्या तोंडाशी पितळी तोटी आली. ती सरका म्हणत नाही, रामराम घालत नाही, नुसती पिळली की वाहते. गैबी तिच्याकडं सवतीकडं बघावं तसा बघायचा.

कामाविना रेडा खाऊन फुगायला लागला आणि पखाल वाळून तडकायला. गैबीला काहीतरी पातळ, वाहायजोगं आणि नळातनं न येणारं हवं होतं. ते त्याला खोकल्यात सापडलं.

बायकोनं, चाँदबीनं, अडुळशाचा काढा दिला आणि चोथा परड्यात फेकला. गैबी वाटी हातात धरून त्या चोथ्याकडं बघत बसला. पाल्याचा गुण पाण्यात उतरतो, मग शेणखताचा का उतरू नये? लोक गाड्या भरभरून खत रानात ओढतात, तो खरं तर चोथाच. गुण तेवढा पाण्यात काढावा, पखालीत भरावा, झाडाला पाजावा. त्याला नावही लगेच सुचलं: अर्क.

चाँदबीचं म्हणणं थोडक्यात होतं. "एक बार इसमें शेन डाल्या, तो फिर इसका पानी मुर्गी बी नै पीने की."

हे अगदी खरं होतं, म्हणून गैबीनं ऐकलं नाही.

गिऱ्हाईक म्हणून त्यानं जोतीराम धरला. जोतीरामचं गावाबाहेर माळव्याचं रान होतं. वांगी, मिरच्या, मेथी. माणूस असा, की कुणी काहीही म्हणो, तो "व्हय की" म्हणणार. गैबी म्हणाला, अर्कानं वांगी नारळाएवढी होतील. व्हय की. जोतीरामची बायको चिमणाबाई म्हणाली, शेणाच्या पाण्यानं पिकत असतं तर गोठ्याच्या मोरीत मळा फुलला असता. व्हय की. मोरीत अळू माजलाय तो कशानं, असं गैबीनं विचारलं. त्यालाही व्हय की.

शेवटी वांग्याचं वावर मधल्या पाटानं वाटलं. अल्याडची बाजू गैबीच्या अर्काची, पल्याडची चिमणाबाईच्या खताची. उकिरडा दोघांना एकच, चिमणाबाईचा. त्यावर ती दिवाळीला पणती लावायची. अर्क सरस ठरला, तर आजूबाजूचे सगळे माळवेवाले गैबीलाच खेपा सांगणार होते. नाही ठरला, तर पखाल वाया, आणि पखाल गेली की रेडा विकायचा. गैबीनं डोळे मिटून पखालीचं तोंड उघडलं.

रांजणात खत भिजत घालायचं, ढवळायचं, चाँदबीच्या जुन्या ओढणीतून गाळायचं, बुंध्याशी ओतायचं. आठवड्याभरात अल्याडची बाजू हिरवीगार झाली. पल्याडची जशीच्या तशी. गैबी तालमीत गेला आणि वस्तादाच्या खर्जात सांगू लागला, "खत म्हंजे भाकरी. चावा, गिळा, मग पचनार कवा? अर्क म्हंजे थंडाई. घशाखाली गेली की दंडात." पैलवानांना ते पटलं. फक्त जरा लांबून सांग, म्हणाले.

गाळून उरलेला चोथा तो पाटाच्या कडेला फेकायचा. मढं आहे ते, जीव माझ्या पखालीत, असं चिमणाबाईला ऐकवायचा. चिमणाबाई जाताजाता पाटीभर उचलायची आणि आपल्या वांग्यांना घालायची. शेण दिसलं आणि उचललं नाही, असं तिच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं.

गैबीचा बोलबाला वाढला तशा खेपा कमी झाल्या. ज्याला त्याला अर्क समजावण्यात दिवस जायचा. आणि अर्काची गंमत अशी, की आज पाजला तर आज. रेडा आला नाही की अल्याडची पानं रुसून फिकी पडायची. पल्याडची झाडं मात्र, कुणी विचारो न विचारो, हळूहळू भरत राहिली.

तोडणीला शेजारचे माळवेवाले जमले. अल्याड पाला झकास, वांगी बोटाएवढी. पल्याड फांद्या वाकलेल्या. एकानं विचारलं, म्हणजे हे सारखं पाजत बसायचं? गैबी म्हणाला, सारखं आणि ताजं. त्यावर सगळे हसले. "अर्काचं म्हाईत न्हाय," विचारणारा जाताना म्हणाला, "पर ह्यो गैबी मातूर अर्क हाय."

"व्हय की," जोतीराम म्हणाला.

गैबी रेड्याजवळ जाऊन बसला. पखाल त्यानं राखेनं, लिंबानं, उन्हानं, सगळ्यानं धुऊन बघितली होती. चाँदबीच्या कोंबड्यांनी खरंच मान फिरवली होती. रेड्याचे दात एक गिऱ्हाईक कालच बघून गेलं होतं.

चिमणाबाई पाटी घेऊन आली आणि तिनं चोथ्याचं सरळ सांगून टाकलं. गैबी ताडकन उठला.

"म्हंजे तुमची वांगी माझ्याच मालावर पोसली की, वैनी."

"व्हय. मग तुमीच जिकलासा की, भावजी. उचला पाटी."

तिच्या वरच्या टेकावरच्या रानात गाडी चढत नव्हती; खत डोक्यावरनं न्यावं लागायचं. रेडा चढला असता. गैबीनं थोडा वेळ रुसवा धरला, मग पखालीची शिवण वरनं उसवली. दोन्ही अंगांना खत बसलं, टम्म. माळवेवाल्यांनी ते बघितलं आणि ज्याच्या त्याच्या टेकावरनं गैबीला बोलावणं आलं. दात बघणारं गिऱ्हाईक परत आलं, तेव्हा रेडा कामावर होता.

पुढं कुणी विचारलं, काय गैबी, अर्क सोडलास? तर तो दुखावल्यासारखा थांबायचा. सोडला नाही, म्हणायचा, फक्त त्यातलं पाणी काढलंय. आणि मग रेड्याच्या पुढं होऊन, त्याच जुन्या आवाजात, "सरका, अर्क आला."