दुधाच्या पिशवीतली सोडचिठ्ठी

मुलांनो, स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या की घटस्फोट होतो का, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते.

गेल्या महिन्यात वडगावच्या कोर्टाबाहेर टाकव्याची एक बाई माझ्या शेजारी बसली होती. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत जपलेली, स्टॅम्पपेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी तिने मला दाखवली. "गावच्या पाच पंचांच्या सह्या हायेत, मावशी. नवरा रविवारी दुसरं लगीन लावतोय."

"कोर्टाच्या हुकमाशिवाय घटस्फोट होत नाही," मी म्हणाले.

तिने पाठ ताठ केली. "लग्नात मला कुनी इचारलं न्हाई. आता जज इचारंल?"

"विचारावंच लागेल."

"मंग त्याला मांडव उतरवाय लावते," म्हणत ती वकिलाच्या टेबलाकडे निघाली.

कायद्याने तिचं लग्न अजून कायम आहे.