पान दोनशे बारा

वाचनालयाच्या जुन्या पुस्तकाचा वास आला की नव्वदीतली विश्रामबागेतली एक रविवार सकाळ आठवते. जादूची मालिका बघायला आमच्याकडे अकरा शेजारी जमत. एकदा ऐन रंगात वीज गेली. मालिकेची मूळ कादंबरी वाचलेल्या शेजारच्या काकूंनी पुढचं सांगून टाकलं, "राजकन्या कैदेतून सुटत नाही." पुढच्या रविवारी ती सुटली. "आवं काकू, लय फेकलंत की!" समोरचे दुकानदार ओरडले. काकूंनी घरातून वाचनालयाची प्रत आणून पान दोनशे बारा उघडलं. ते वाचून दुकानदार म्हणाले, "मग पुस्तकातच चुकलंय." सगळे हसले. काकू पुन्हा आल्या नाहीत. कादंबरी मीही वाचली होती, तरी त्या हसणाऱ्यांत मी होतो.