गल्लीतला लोपीस कोण?

आठवतं का, मिस्सा सुटल्यावर पोस्टमन चर्चच्या आवारात "लोपीस!" अशी हाक द्यायचा आणि निम्मं उमेळे गाव मागे वळून बघायचं?

आज माझ्या मोठ्या बहिणीच्या हृदयाच्या गोळ्या आल्याच नाहीत. घरात एकच उरली होती. भाचीने ऑनलाइन मागवताना नुसतं लोपीस लिहिलं होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात गल्लीची पार्सलं ठेवतात, म्हणून तिथे गेले.

दुकानदार अजय म्हणाला, "आंटी, ते डेरिकच्या बंगल्यावर पाठवलं. आता लोपीस म्हणजे डेरिकच ना!"

डेरिक मालिकांत काम करतो. गुणी मुलगा आहे. पण त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आम्ही दोघी बहिणी लोपीस आहोत, हे सांगायचंही त्राण नव्हतं.

उन्हातून बंगल्यावर पोहोचले, तर डेरिकची आई फिलोमिना गोळ्या घेऊन फाटकातच भेटली.

"तुझ्याकडेच निघाले होते, बाय. रोज कुणाचं ना कुणाचं पोहोचवते. नाव झालं पोराचं आणि पाय दुखतात माझे!"

दोघी पायरीवर बसलो. हसलो, पण दमूनच.

नुसतं आडनाव असलेलं पार्सल डेरिककडे द्यायचं का, यावर आपल्या गल्लीच्या ग्रुपवर सकाळपासून मतदान चाललंय. माझं आणि फिलोमिनाचं मत 'नाही' धरा.

अजय, हार, केक आणि आमंत्रणं फिलोमिनाकडे दे. हृदयाच्या गोळ्या माझ्या बहिणीला. आणि नुसतं लोपीस लिहिलेलं काही आलं, तर आधी त्यावरच्या नंबरवर फोन कर. उत्तर मिळेपर्यंत ते कुणालाच देऊ नकोस, डेरिकलाही नाही.