चाळीसच्या वेगाने गेलेली मोटारसायकल

पोलीस सेवा सोडून मी आता प्रयोगशाळेत काम करते. तरीही थंडीच्या पहाटे धुके उतरले की ती घटना जशीच्या तशी समोर उभी राहते. पदार्थविज्ञानाची पदव्युत्तर पदवी घेऊन मी उपनिरीक्षक झाले होते आणि दिग्रस परिसरातल्या एका ठाण्यात माझी पहिली नेमणूक होती.

फिर्यादी कापसाचा व्यापारी आणि जुन्या मोटारसायकलींचा शौकीन. दर रविवारी सकाळी तो आणि त्याचे मित्र आपापल्या जुन्या गाड्या काढून बोरी अरबपर्यंत चहाला जात आणि परत येत. चहापेक्षा प्लग आणि कार्बोरेटर यांवरच्या गप्पा जास्त. त्याची टू-स्ट्रोक गाडी इंजिनकामासाठी एका मिस्त्रीकडे दिलेली होती आणि तिथूनच ती नाहीशी झाली.

"सासऱ्याची गाडी होती, मॅडम. त्यायच्या मागं आमच्याकडे आली. नागपूरच्या गिऱ्हाइकाशी बोलणं झालंतं. इंजिन नवं करून द्याचं होतं," तो म्हणाला. "मिस्त्रीनंच पार्ट विकले. दुसरं कोन?"

फिर्यादीत त्याने मिस्त्रीचे नाव संशयित म्हणून सांगितले आणि ठाणे अंमलदाराने गुन्हा नोंदवला.

मिस्त्रीची एक पद्धत होती. सकाळी शटर उघडले की तो आतल्या गाड्या बाहेर काढून रांगेत लावी, किल्ल्या गाड्यांनाच ठेवी आणि कोपऱ्यावर चहाला जाई. त्या सकाळी तो परतला तेव्हा रांगेत एक जागा रिकामी होती.

"किल्ली गाडीलाच ठेवता?" मी विचारले.

"सारे आपलेच लोक आहेत न, मॅडम. ज्याची गाडी झाली तो येते, घेऊन जाते, मंग संध्याकाळी भेटते. मले काय मालूम, असं होईन?" तो मान खाली घालून म्हणाला. "मी गाडी खोलतो ते बनवाले. विकाले नाही."

चौकशीसाठी त्याला पुन्हा पुन्हा बोलवावे लागे. ठाण्यात जाता-येता मला त्याचे दुकान दिसे. प्रत्येक वेळी रांग थोडी आखूड झालेली असे. कुणी भांडले नाही, कुणी काही बोलले नाही. लोक यायचे, "घाई आहे" म्हणून अर्धवट उघडलेली गाडीसुद्धा ढकलत घेऊन जायचे. आरोप सिद्ध होण्याची वाट पाहायला गावाला वेळ नसतो. तपास आणखी लांबला असता, तर निर्दोष सुटूनही त्या माणसाच्या हाताला काम उरले नसते.

धागा मिळाला तो भलत्याच कामातून. रानडुकरांनी तूर उद्ध्वस्त केल्याची तक्रार घेऊन एक शेतकरी ठाण्यात आला. लिहून झाल्यावर जाता जाता तो अंमलदाराला म्हणाला, "साहेब, आमच्या वावराजोळून रोज पहाटी एक फटफटी जाते. कायची जाते, बैलगाडी बी तिच्याहून जोरात जाईन! थोडी जाते, थांबते, पुन्हा जाते. निळा धूर अन् तेलाचा वास. तोंड बांधेल राह्यते. मले तं वाटलं, मी झोपेतच पाहून राह्यलो."

अंमलदार हसला. मी मात्र खुर्चीत सरळ झाले.

मिस्त्रीने त्या इंजिनाला बोअरिंग करून नवा पिस्टन टाकला होता. अशी गाडी सुरुवातीचे काही दिवस 'रनिंग'मध्ये असते: पेट्रोलमध्ये तेल जरा जास्त, वेग चाळीसच्या आत, मधूनमधून थांबून इंजिन थंड होऊ द्यायचे. आता तर्क मांडून पाहा. पार्ट विकणारा गाडी खोलतो. गाडी विकणारा ती टेम्पोत घालून जिल्ह्याबाहेर काढतो. पळणारा जोरात पळतो. चोरलेल्या इंजिनाचे रनिंग शिस्तीने पूर्ण करणारा माणूस वेगळाच असतो. त्याला ती गाडी पुढची वीस वर्षे चालवायची असते. म्हणजे प्रश्न असा होता, की ही गाडी विकली जाऊ नये असे कुणाला वाटत होते?

मी फिर्यादीला फोन केला. "विकण्याबद्दल घरी विचारलं होतं?"

"घरी? त्यात काय विचाराचं, मॅडम? बायको तं वेचणीसाठी माहेरी गेली आहे, भावाच्या वावरात."

माहेर कुठले, तेही मी विचारून घेतले. ते त्या तुरीच्या वावरापासून फार लांब नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे एका महिला शिपायासह मी त्या रस्त्याच्या कडेला उभी राहिले. धुक्यात रस्ता दहा पावलांनंतर विरघळत होता. दोन्ही बाजूंना वेचायचा राहिलेला कापूस आणि धुके यांत कुठे काय संपते ते कळत नव्हते. आधी आवाज आला. लांबून, झोपेत कुणी श्वास घ्यावा तसा संथ, एकसारखा. मग दिव्याचा पिवळा ठिपका. क्षणभर मीही विसरले, की आपण इथे कुणाला अडवायला आलो आहोत.

गाडी थांबली. चालवणारीने आधी पेट्रोलचा कॉक बंद केला, मग तोंडावरचा स्कार्फ सोडला. फिर्यादीची पत्नी.

"पोलीस?" ती शांतपणे म्हणाली. "माह्याच बाबाची गाडी आहे, मॅडम. बाबानं मले याच रस्त्यावर शिकवली."

"नवऱ्याला सांगितलं का नाही, विकायची नाही म्हणून?"

"सांगाले त्यायनं विचारावं तं लागते न! नागपूरवाल्याशी बोलतानी म्याच ऐकलं. मंग आणली. बाहेरच उभी होती, किल्ली लावेल. इंजिन तं पाहा, कसं मोकळं होऊन राह्यलं."

"मिस्त्रीवर गुन्हा दाखल आहे. दुकानात आता दोनच गाड्या उरल्या आहेत."

ती गाडीवरून उतरली. "मिस्त्रीकाकाचं नाव? हे मले फोनवर निस्तं म्हणाले, गाडी चोरी गेली," आणि मग एकदम, "काकाचं नाव कायले घेतलं त्यायनं?"

मी तिला सोपा मार्ग सुचवला: पंचनामा करून गाडी टेम्पोने ठाण्यात नेऊ, तुमचा जबाब घरी घेऊ, गावात बोभाटा होणार नाही. तिने मान हलवली.

"गाडी काकाच्या दुकानातून गेलती, तं तिथंच जाईन. साऱ्यायच्या समोर. मीच चालवत नेतो."

पंचनामा उरकला. बाजार भरात असताना ती स्कार्फ न बांधता दिग्रसमध्ये शिरली. पुढे आमची जीप, मागे ती, तोच चाळीसच्या आतला वेग. जिनिंगचे हमाल, भाजीवाल्या, रविवारच्या टोळीतले दोघे-तिघे, सगळे पाहत राहिले. दुकानासमोर तिने गाडी स्टँडवर लावली. "काका, मी नेली होती. तुमाले न सांगता. माहं चुकलं," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मिस्त्री तिच्याकडे पाहीना. तो खाली बसला, इंजिनावर हात ठेवला, कान जवळ नेला.

"चाळीसच्या वर नेली काय?"

"नाही, काका."

"तापली होती?"

"थांबत होती न, मधामधात."

तो उठला, डोळे पुसले आणि गर्दीवरच खेकसला, "काय पाहून राह्यले बे? ज्याच्या ज्याच्या गाड्या अर्ध्या खोलेल नेल्या, त्या आना आता! नट-बोल्ट माह्याजोळच आहेत तुमचे!"

गर्दीत पहिला हसला तो तिचा नवरा; त्याला मीच फोन करून बोलावले होते. ते हसणे शरमेचे होते. त्याने फेरजबाब दिला आणि गैरसमजातून नोंदलेला गुन्हा म्हणून आम्ही न्यायालयात 'क' समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, पाठवली. नागपूरच्या गिऱ्हाइकाला त्याने काय कळवले, ते मी विचारले नाही; तो तपासाचा भाग नव्हता.

गेलेली वस्तू कुठे आहे हे शोधायला आम्हाला शिकवले होते. ती नेणाऱ्याला किती काळ हवी आहे, हा प्रश्न मी त्या धुक्यात शिकले. जबाबात माणूस हवे ते सांगू शकतो. पण एखादी गोष्ट तो किती जपून हाताळतो, यात त्याचा हेतू उघडा पडतो. आणि संशयिताचे नाव कागदावर येण्याआधी ते घरात एकदा तरी मोठ्याने उच्चारले गेले आहे का, हे विचारायलाही त्यानंतर मी चुकले नाही. त्या आठवड्याच्या अखेरीस दुकानासमोरची रांग पुन्हा रस्त्यापर्यंत आली. मला जीप वळवून घ्यावी लागली.