वाडीतली एकुलती गाडी

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी महाडच्या घरी तांदूळ धूत होते. हातावरून पांढरं पाणी ओघळत होतं आणि कानाशी त्यांचा आवाज... उन्हात तडकलेल्या मातीसारखा, कोरडा. "सुनंदा, गाडी नव्हती गं." एवढंच बोलून ते थांबले. माझी थोरली बहीण गेली, हे त्या वाक्यातून उमगायला मला बराच वेळ लागला. बायकोच्या मरणाची बातमी त्यांनी गाडीपासून सुरू केली होती. आता काही आठवडे उलटल्यावर वाटतं, ती बातमी दुसरीकडून कुठून सुरू होणंच शक्य नव्हतं.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे चढणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो. त्या फाट्यावरच्या वाडीतल्या शाळेत ताईने उभी हयात शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर हौसेने एक जुनी लहानशी गाडी घेतली. वाडीत दुसरी चारचाकी नव्हती, त्यामुळे ही गाडी ताईची फार दिवस राहिली नाही. किल्ली ओटीवरच्या खिळ्याला लटकलेली असे. कुणाला विंचू चावला, कुणाचा ताप डोक्यात गेला, कुणाला कळा सुरू झाल्या, की दाराची कडी वाजायची आणि ताई पदर खोचून निघायची. त्या गाडीला एक मिश्र वास होता : डेटॉलचा, ओकारीचा, शेजारणीने मुंबईला धाडलेल्या सुकटीचा आणि त्या सगळ्यांवर तरंगणारा, कोवळ्या बाळाच्या दुपट्याचा आंबूस, उबदार वास. ताई काचा खाली करायची, तरी तो जायचा नाही. जावा असं तिला वाटतही नसावं.

मग एके दिवशी स्टिअरिंगमागे इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटला तो विझेचना. गाडी चालत होती, कुठे अडत नव्हती; फक्त तो दिवा, पिकल्या डोळ्यासारखा, सतत तिच्याकडे बघत असायचा. महाडच्या गॅरेजवाल्या हनीफभाईंनी आपलं यंत्र जोडून पाहिलं. म्हणाले, "कुठंतरी गळती दाखवतंय, ताई. कुठं ते शोधायला गाडी ठेवायला लागेल. उभ्या उभ्या नाय कळायचं." ठेवायची कशी? वाडीत कुणी ना कुणी अडलेलं असेच. भाऊजी रोज कुरकुरत, "दिवा पेटलेली गाडी घेऊन घाटात जातेस, एक दिवस दरीत जाशील." ताई हसून म्हणायची, "तुम्हीपण एवढी वर्सं कुरकुरताय. संसार चाललाच ना?" वाडीतली माणसंही हसत. आपलं काम होईपर्यंत त्या दिव्याची भीती कुणालाच नव्हती.

शेवटी भाऊजी ताटावरून उठले. गाडी दाखवल्याशिवाय घास घेणार नाही म्हणाले. नवऱ्याच्या उपाशी पोटापुढे ताई नमली. गाडी गॅरेजात सोडून एसटीने घरी परतली आणि म्हणाली, "जेवा आता."

दुसऱ्या सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. रुग्णवाहिका घाटापलीकडे गेलेली. भाऊजी गाडीसाठी खालच्या गावाला फोनमागून फोन लावत होते, ताई ओटीवर भिंतीला टेकून घामाने भिजलेली... आणि तेवढ्यात कडी वाजली. गणपत दारात उभा. मुंबईत टेम्पो चालवायचा, बायकोला दिवस गेले म्हणून गावी परतलेला. ओटीवरच्या अंधारात त्याला ताईचा चेहरा दिसला नसावा. "ताई, गाडी काढता काय? हिला तपासणीला न्यायची हाय." ताई म्हणाली, "गाडी गॅरेजात हाय रे... उद्या ये." तिचे शेवटचे शब्द ते. भाऊजींसाठी एकही उरला नाही. खालच्या गावातून टेम्पो आला, पण पोलादपूर यायच्या आतच तिचा हात थंड पडला.

दिवसकार्य आटोपल्यावर हनीफभाई स्वतः गाडी घेऊन आले. डोळे पुसत त्यांनी सरळ मनाने सांगितलं, "कायच नव्हतं भाऊ. पेट्रोलच्या झाकणाचं रबर चिरलं होतं. तेवढ्यानंपण दिवा लागतो. गाडी तर काय, मुंबईला जाऊन आली असती." भाऊजींनी मान हलवली, त्यांना चहा दिला, वाटेपर्यंत पोचवलं. मग परत येऊन, हनीफभाईंनी खिळ्याला अडकवलेली किल्ली काढून खिशात घातली.

गेल्या आठवड्यात मी तिथेच होते. दुपारी गणपत धावत आला. बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. "भाऊ, किल्ली द्या. मी चालवतो, तुम्ही येऊ नका." भाऊजी शांतपणे उठले, अंगणात गेले, गाडीत बसले. ताई ठेंगणी, तिच्या मापाला पुढे ओढलेली सीट त्यांनी अजून मागे सारलेली नाही. उंचापुरा माणूस, गुडघे स्टिअरिंगला घासत, मान वाकवून बसला. त्यांनी किल्ली अर्धीच फिरवली. इंजिन सुरू होण्याआधी सगळेच दिवे लागतात, तो पिवळाही. "बघ," ते म्हणाले, "पेटलाय. अशी गाडी घाटात न्यायची नसते."

"भाऊजी!" मी ओरडले, "दुरुस्त झालीय ती. द्या किल्ली!" त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. गणपत खिडकीत वाकून दिव्याकडे बघत राहिला. टेम्पोवर आयुष्य काढलेल्या माणसाला तो दिवा कळला नसेल, असं कसं म्हणू? पण तो भांडला नाही. म्हणाला, "हाय खरा पेटलेला," आणि उतारावर धावत सुटला. मी रुग्णवाहिकेसाठी महाडला फोन लावत राहिले.

थोड्या वेळाने चार माणसं त्याच्या बायकोला खुर्चीवर बसवून अंगणासमोरून घेऊन गेली. ती ओठ आवळून कण्हत होती. भाऊजी त्याच सीटवर होते, पोटाशी गुडघे दुमडून, ताईच्या मापाच्या त्या अरुंद जागेत. त्यांनी किल्ली उलटी फिरवली नाही. खुर्ची वळणाआड जाईपर्यंत दिवा तसाच पेटता ठेवला.