कागदावरची मालकीण

घरात तिला सगळे मालकीणबाई म्हणायचे, आणि म्हणताना हसायचे. मालकीण कसली! किल्ल्या थोरल्या दिरांच्या खिशात, व्यवहार त्यांच्या डोक्यात, आणि हिच्या वाट्याला फक्त सही. कारखाना म्हणजे तरी काय, घरामागची पत्र्याची लांबलचक खोली. तिथं अकरा बायका सरकारी कचेऱ्यांसाठी पुठ्ठ्याच्या फायली बनवत. सहा वर्षांपूर्वी नियम निघाला की हे कंत्राट बायकांच्या मालकीच्या छोट्या उद्योगांनाच मिळेल. दिरांनी त्याच आठवड्यात फर्म धाकट्या भावाच्या बायकोच्या नावावर केली. "तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. मग काढून टाकू तुझं नाव," ते म्हणाले. तीन वर्षं झाली, मुदत वाढली, नाव जिथल्या तिथं.

तिची एक खोड मात्र कुणाच्या लक्षात आली नाही. वाचल्याशिवाय ती सही करत नसे. कंत्राटाच्या अटी वाचता वाचता पुठ्ठा किती जाड हवा, नाडी किती लांब हवी, हे तिला पाठ झालं. दुपारी ती कारखान्यात जाऊन बसायची. दिरांना वाटायचं, गप्पा छाटायला जाते. त्यांना वाटू दे.

आणि एक दिवस तिच्या नावाचं पत्र आलं. सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी! घरकाम उरकून, कुणाला फारसं न सांगता तिनं परीक्षा दिली होती. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं, आणि सोबत लिहून द्यायचं की माझ्या नावावर कुठलाही धंदा नाही. पुढच्या वर्षी तिचं वय नियमाबाहेर जात होतं. म्हणजे आत्ता, नाहीतर कधीच नाही.

तिनं नवऱ्याला पत्र दाखवलं. तो मनापासून खूश झाला, आणि लगेच त्याचे डोळे भावाच्या खोलीकडे वळले. "बघू," तो म्हणाला. या घरात 'बघू' म्हटल्यावर पुढं कुणी काही बघत नसे.

नाव काढा म्हणावं, तर कंत्राट त्याच दिवशी रद्द. ज्या घरात दोन वेळा जेवायचं, त्याच घराच्या मुळावर आपण उठायचं? तिची जीभ रेटेना. तेवढ्यात कचेरीतून निरोप आला. मुदत आणखी तीन वर्षं वाढवायची, पण त्याआधी अधिकारी येऊन बघणार, मालकीण खरी की नावापुरती. नावापुरती निघाली तर फर्म यादीतून बाद.

हे ऐकून दिरांचे हातपाय गार पडले. आणि हिच्या मनात मात्र, कितीतरी दिवसांनी, एक खिडकी उघडली. आपल्याला कुठं खोटं बोलायचंय? नुसतं गप्प बसायचं. फर्म बाद झाली की कागदावर आपलं नाव कुणाला हवंय! गोंधळलेल्या बाईला लोक मूर्ख म्हणतील, घरबुडवी तर म्हणणार नाहीत! दीर खटपटे होते, दुकानांना वह्या पुरवून कारखाना चालवला असता त्यांनी. निदान ती स्वतःला तसं समजावत होती.

दिरांनी प्रश्नोत्तरं लिहून आणली आणि आठवडाभर रोज तिची उजळणी घेतली.

"कापायच्या यंत्राचं पातं कधी बदलतो?"

"मोडल्यावर?"

दिरांनी कपाळाला हात लावला. "अगं, शाळेत काय दिवे लावलेस तू!" पातं दर दोन महिन्यांनी बदलतात, आणि गेल्या खेपेला ते हिनंच आठवण केली म्हणून बदललं होतं. ती खाली बघून हसू दाबत राहिली.

ठरल्या दिवशी अधिकारीबाई आल्या. थकलेल्या, करड्या केसांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पुरुषांना त्यांनी बाहेर उभं केलं.

"पुठ्ठा कुठून घेता?"

"माहीत नाही."

"महिन्याला किती फायली जातात?"

"ते भाऊजी बघतात."

बाईंनी दोन्ही उत्तरं शांतपणे लिहून घेतली. आणखी एक प्रश्न, फार तर दोन. मग छापखाना!

बाईंनी ढिगातली एक फाइल उचलून नाडी ओढली. नाडीच्या भोकातली पत्र्याची कडी पुठ्ठ्यासकट हातात आली. "हे काम? कड्या कोण ठोकतं?"

कोपऱ्यातली खुटखुटमावशी उभी राहिली. दिवसभर कड्या ठोकण्याच्या आवाजावरून तिला हे नाव पडलं होतं. वीस वर्षांत तिची एक कडी वाकडी बसली नव्हती.

"हात बसलेला नाही या बाईंचा," अधिकारीबाई म्हणाल्या आणि लिहू लागल्या. मावशीनं मान खाली घातली.

"चूक तिची नाही!" हिच्या तोंडून निघून गेलं. "कडी मोठी आणि पुठ्ठा पातळ, हे माप तुमच्या कचेरीनं दिलंय. कडी धरणार कशी? मी तीन पत्रं लिहिली तुम्हाला. भाऊजींनी दिलेल्या टपालात घालून पाठवली. एकाचंही उत्तर नाही." ती उठली, कपाटातून नकला काढून तिनं टेबलावर ठेवल्या. मग एक फाइल उचलून किती जाडीला कडी घट्ट बसते तेही करून दाखवलं. बोलायला लागली आणि थांबेचना.

अधिकारीबाईंनी तिन्ही पत्रं वाचली. चष्मा काढला. "इतकी वर्षं हिंडतेय मी. बहुतेक ठिकाणी बायका पढवलेलं बोलतात. खरी मालकीण आज भेटली." त्यांनी आधीची दोन उत्तरं खोडली, खाली शिफारस लिहिली आणि सही केली. आणखी तीन वर्षं.

बाहेर दिरांना आनंदानं काय करावं सुचेना. ते बाईंना फाटकापर्यंत सोडायला धावले. नवरा दारातच उभा होता. कानकोंडा झालेला.

"उजळणी ऐकतानाच मला कळलं होतं, तू मुद्दाम चुकणार ते," तो हळूच म्हणाला. "पहिली दोन उत्तरं ऐकली आणि वाटलं, सुटलीस तू एकदाची. मग बोललीस कशाला?"

"मावशी मान खाली घालून उभी होती हो."

आणि इतका वेळ न आलेलं रडू तिला आत्ता आलं. आपण सुटावं असं वाटणारं एक माणूस या घरात होतं, आणि ते आठवडाभर दाराबाहेर उभं राहून, तिनं एकटीनं सुटावं म्हणून वाट बघत होतं.