चौकातला फ्लेक्स आणि गुणमालाकाकूंची गोळी

आमच्या गल्लीत गुणमालाकाकूंना नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. पाणी गाळून घेणार, अंधार पडायच्या आत जेवणार आणि दुसऱ्याच्या घरी लसणाची फोडणी बसली तरी आपली खिडकी लावून घेणार. अशा बाईला मनाच्या आजारासाठी गोळी लागावी, याची त्यांना इतकी लाज होती की नवऱ्यालाही, जवाहरकाकांनाही, त्यांनी ती पित्ताची म्हणून सांगितली होती. खरं ठाऊक होतं एकट्या सुनेला, ब्राह्मीला. दोन वर्षांपूर्वी थोरली बहीण वारली, काकू अंथरुणातून उठेनात, तेव्हा तीच त्यांना सांगलीला डॉक्टरांकडे घेऊन गेली होती.

गोळी रात्री झोपताना घ्यायची होती. रात्री पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या काकू दिवा मालवल्यावर चोरासारख्या ती गिळायच्या.

भाद्रपदात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व आलं. काकूंनी दहा दिवस एकाशन धरलं, म्हणजे दुपारी एकदा जेवण आणि मग दुसऱ्या दुपारपर्यंत काही नाही. आता गोळीचं काय करायचं? डॉक्टरांना एक फोन केला असता तर भागलं असतं. पण फोनवर बोलताना कुणी ऐकलं तर? काकूंनी गोळ्या सरळ बंद केल्या.

"आत्ती, गोळी घेताय न्हवं?" ब्राह्मीनं सासूला विचारलं.

"घेतोय की," काकू म्हणाल्या. ऐन पर्वात धडधडीत खोटं.

चार दिवसांत डोकं गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात विजेसारखा झटका बसायचा. झोप उडाली, आणि आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला बसल्या की उगाचच डोळे वाहायला लागायचे. बायका म्हणाल्या, "काय भाव हाय बघा काकूंचा," आणि पाया पडायला लागल्या. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जवाहरकाकांचा मात्र ऊर भरून आला. त्यांनी चौकात फ्लेक्सच लावला. हात जोडलेल्या काकू आणि वर मोठ्या अक्षरांत 'तपस्वी'.

आमच्याकडे एकाशनवाल्यांचीही मिरवणूक निघते. हार घातलेल्या काकू जीपमधून उतरताना तोल जाऊन कलल्या. ब्राह्मीनं सावरलं आणि हळूच कानाशी विचारलं, "आत्ती, गोळी सोडली काय तुमी?"

काकूंनी सगळ्या गावासमोर तिच्या थोबाडीत मारली. बँड वाजतच होता. ब्राह्मीनं सासूचा घसरलेला हार नीट केला आणि बाजूला झाली.

पर्वानंतर क्षमावाणी असते. वर्षभरात ज्याला दुखावलं असेल त्याची क्षमा मागायची. काकू गल्लीभर फिरल्या, माझ्याही दारात हात जोडून गेल्या. आमची क्षमा मागणं सोपं होतं, कारण आमचं त्यांनी काही केलंच नव्हतं. ब्राह्मीपाशी यायला त्यांना संध्याकाळ झाली. ती भाकरी थापत होती.

"मी चुकलो गं. खोटं बोललो, वर तुलाच मारलो. मला तोंड दावायला जागा न्हाई."

ब्राह्मीनं तव्यावरची भाकरी उलटली. "गालाचं काय न्हाई आत्ती. पर मला सांगाय पायजे हुतं."

दुसऱ्या दिवशी दोघी सांगलीला निघाल्या. चौकात एसटी त्या फ्लेक्सखालीच थांबली, तेव्हा काकूंनी डोळ्यांवर पदर ओढला.

डॉक्टर रागावले नाहीत. "ही गोळी एकदम तोडली की चक्कर, झटके, चिडचिड होते. कधी बंद करायचीच झाली तर मला विचारून, हळूहळू कमी करत. आता परत कशी सुरू करायची ते सांगतो, राहिलेल्या गोळ्या भरून काढायला जास्तीच्या घेऊ नका."

"पर आमाला राती काय घ्यायचं नसतंय," काकू पुटपुटल्या.

"मग दुपारी जेवणाबरोबर घ्या. तुमच्या या गोळीला ते चालतं."

एवढंच होतं. काकूंना तिथंच रडू फुटलं.

घरी येऊन त्यांनी फ्लेक्स उतरवायला लावला. जवाहरकाकांनी कुरकुरत तो उतरवला आणि गोठ्यातल्या वैरणीवर टाकला. दुसऱ्या दुपारी काकूंनी ताटाशेजारी गोळी ठेवली.

"आज दुपारीच पित्त?" काकांनी विचारलं.

"पित्ताची न्हाई. मनाच्या दुखण्याची हाय." काकूंची मान काही वर झाली नाही.

"कवापासनं?"

"ताई गेली तवापासनं."

काकांनी पाण्याचा तांब्या काकूंच्या ताटाकडे सरकवला. मग म्हणाले, "आन मी फ्लेक्स लावत बसलो."